खरा पट

दि. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा ढब्बू समितीत बसला! शिक्षण व कारभार सुधारणा समिती असं भलंमोठं नाव आहे आणि तिचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलंय. सदस्य सगळी बडी मंडळी. बोलायचं त्यांनी, लिहायचं मी. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि टेबल इतकं लांब की या टोकाचा चहा त्या टोकाला पोचेपर्यंत गार होतो. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. जेवणानंतर बसल्या जागी डुलक्या काढतात, पण माणूस सज्जन.

आता कामाचं. पहिल्याच बैठकीत धीर करून मी एक कल्पना मांडली आणि ती सगळ्यांनी उचलून धरली. सरकार पुस्तकं, बाकं, शिक्षक सगळं पटावरच्या नावांवर देतं आणि पट तर खोटे. निम्मी मुलं नुसती कागदावरच शिकतात. मग सुधारणा करायची ती कुणाची? म्हणून मोहीम काढायची, ‘खरा पट’. वर्गात खरोखर बसणाऱ्या मुलांचीच नावं ठेवायची, बाकीची खोडायची. जी शाळा खरं सांगेल तिला दुसरा शिक्षक सर्वांत आधी, असं मी अहवालात घालणार आहे.

ताई, सुरुवात तू कर. लिहिणाऱ्याची बहीणच मागे राहिली तर मी दुसऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगू? एकटीनं चार इयत्ता सांभाळताना तुझा जीव कसा मेटाकुटीला येतो ते मी पाहिलंय. दुसरा शिक्षक मिळालाच म्हणून समज.

आईचा गुडघा कसा आहे? माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा
ढब्बू


दि. १९ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. आईनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि तडक जाऊन गिरणीवाल्याला सांगून आली की मुलानं सरकार ताब्यात घेतलंय. गुडघा दुखतो म्हणे!

तुझी कल्पना वाचून आधी हसले, मग उठून पट उघडला. माझ्या पटावर सत्तेचाळीस नावं आहेत आणि वर्गात बसतात बावीस. उरलेल्यांतली बरीच माझ्या आधीच्या गुरुजींनी दुसरा शिक्षक मिळावा म्हणून घातलेली. त्यातली काही मुलं तर जन्मालाच आलेली नाहीत. काही घरं कामासाठी परगावी गेली ती परत फिरलीच नाहीत. आणि एक मुलगी तापात गेली, त्याला दोन वर्षं झाली. तिचं नाव खोडायला माझा हात धजावत नव्हता, म्हणून तसंच राहिलं होतं.

तरी खोडलं, तुझ्या शब्दाखातर. शनिवारी मुलं गेल्यावर पट्टी आणि लाल पेन घेऊन बसले नि पंचवीस नावांवर रेघ ओढली. खरं सांगू? फार हलकं वाटलं रे. इतकी वर्षं तो पट उघडताना मी स्वतःशीच नजर चोरत होते.

तपासणीच्या साहेबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले की बाई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. पलीकडच्या शाळेचे गुरुजी, ज्यांच्या पटावर साठ आणि बाकांवर चौदा, ते सगळ्यांना सांगत सुटलेत की भाऊ वर बसलाय म्हणून बाईंना खरं परवडतं. मी त्यांना म्हटलं, हो, परवडतं. तेव्हा मला तोंडघशी पाडू नकोस म्हणजे झालं.

वेळेवर जेवत जा. आठवणीत ठेव, आणि समितीतल्या चहावर दिवस काढू नकोस.

तुझी
ताई


दि. ११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा पट मी समितीत वाचून दाखवला. अध्यक्ष चक्क शेवटपर्यंत जागे होते! तुझी शाळा अहवालाच्या चौथ्या प्रकरणात ‘नमुना’ म्हणून छापली जाणार आहे. मला किती अभिमान वाटला, काय सांगू.

एक छोटीशी गोष्ट आहे. खर्च बघणारे सदस्य म्हणाले की खरे आकडे येणारच आहेत तर त्यांचा उपयोगही करून घेऊ. तीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा जवळच्या शाळेत मिसळाव्यात, म्हणजे शिक्षक वाचतील. मी विरोध केला. म्हणजे विरोधाची नोंद केली. ते वाक्य लिहायचं माझ्याकडेच आलं, तेव्हा त्यात ‘शक्य असेल तेथे’ हे शब्द मुद्दाम घातले. त्या तीन शब्दांमुळे तुझ्या शाळेला धक्का लागायचा नाही. उगाच घोर लावून घेऊ नकोस.

दुसऱ्या शिक्षकाचं कलम अजून चर्चेत आहे. आईला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढता असू दे.

तुझा
ढब्बू


दि. २३ सप्टेंबर

चि. ढब्बूस,
आशीर्वाद. वि. वि.

आदेश आला. महिनाअखेरीला शाळेला कुलूप. तुझे तीन शब्द त्यात नाहीत. चष्मा पुसून दोनदा शोधले.

आमच्या भागात अकरा शाळा आहेत. बंद होणारी एकच, माझी. बाकीच्या दहांनी खरा पट म्हणून एकतीस, बत्तीस, तेहतीस असे आकडे धाडले. तीसचा आकडा साहेबांनी त्यांच्या कानावर आधीच घातला होता. मला सांगून उपयोग नव्हता, माझा पट तर जूनमध्येच वर गेला होता, तुझ्या हातात. पलीकडच्या गुरुजींनी साठाचे एकतीस केले, त्यांना प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदनाचं पत्र आलंय. माझी मुलं आता त्यांच्या शाळेत जायची आहेत.

जायची म्हणजे कशी? साडेचार किलोमीटर, आणि मधे ट्रकांचा हमरस्ता. मुलगे जातील रडतरखडत. पण माझ्याकडे अकरा मुली आहेत. त्यांच्या घरची माणसं काल ओसरीवर येऊन बसली होती आणि सगळ्यांनी एकच सांगितलं की पोरींना तिकडे धाडणार नाही. चौथीत एक आहे, तोंडी भागाकार करते आणि मलाच दटावते, म्हणून आम्ही तिला मोठ्या बाई म्हणतो. तिच्या बापानं तर धाकट्या भावंडाला सांभाळायला तिला सोमवारपासून घरी ठेवायचं ठरवूनही टाकलंय. ती ऐकत उभी होती.

मी कुणाचं काय घोडं मारलं होतं रे? तू म्हणालास म्हणून खरं बोलले. आता तू एक ओळ लिही. नमुना म्हणून छापलेली शाळा तरी बंद करू नका, एवढीच. माझ्यासाठी नको, त्या अकराजणींसाठी लिही.

वाट बघते आहे.

ताई


दि. २७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. ते खिशात घेऊन अध्यक्षांकडे गेलो. त्यांना फार वाईट वाटलं. पण सख्ख्या बहिणीच्या शाळेला सूट मागितली तर उद्या वर्तमानपत्रवाले मला सोलून काढतील आणि सगळी मोहीमच बदनाम होईल. माझे हात बांधलेले आहेत. त्यातून परवाच मला बढती मिळालीय, ‘खरा पट’साठीच. आईला तेवढं सांग.

आता जे लिहितो ते वाचून फाडून टाक. सुधारित पट पाठवायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. नऊ नावं घाल. बावीस आणि नऊ, एकतीस. मोजायला कुणी येणार नाही. मोजणारी माणसं नेमावीत असं मी सुचवलं होतं, ते खर्चापायी गळलं.

मला समजून घे, ताई. तुझ्याशिवाय मला समजून घेणारं कोण आहे?

ढब्बू


दि. २५ ऑक्टोबर

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

शाळा वाचली. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली आणि म्हणाले की बाई, आलात एकदाच्या ताळ्यावर. अकराही मुली येताहेत. बढतीची बातमी आईला सांगितली, ती गिरणीपर्यंत पोचली.

नऊ नावं मधल्या सुट्टीत घातली. खोडलेल्यांतलीच आठ परत घेतली. तापात गेलेल्या मुलीचं नाव घ्यायला गेले आणि माझ्याच्यानं ते झालं नाही. तिच्या जागी तुझं लिहिलं. इयत्ता पहिली. तुला अक्षरओळख मीच करून दिली होती, तेव्हा त्यात तसं खोटंही काही नाही.

मला तुझा राग आलाय आणि तुझ्याहून जास्त स्वतःचा. पण तुला लिहायचंय ते वेगळंच.

हजेरी मोठ्या बाई घेतात. त्यांना मी सांगितलं की या नऊ नावांचा पुकारा करू नकोस, नुसतं ‘हजर’ लिही. तिनं का म्हणून विचारलं नाही. शुक्रवारी वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली की बाई, एकतीस कमी पडतील, पुढच्या वर्षी दोघं गाव सोडून गेले तर शाळा पुन्हा जाईल, चाळीस करून टाकू. नऊ नवी नावं तिनं सुवाच्य अक्षरात लिहून आणली होती, आईबापांसकट. वर म्हणाली की रोज सगळेच हजर दिसले तर साहेबांना संशय येईल, म्हणून त्यांतल्या दोघांना मधूनमधून आजारी पाडायचं.

दहा वर्षांची आहे रे ती. हिशेब बिनचूक होता. मी तिला शाबास म्हटलं.

कळावे. लोभाचं सध्या विचारू नकोस.

ताई