तिसरी हाक

आये, काल दुपारी जेवून पुन्हा एक भुताचा सिनेमा बघितला. खारघरच्या या अकराव्या मजल्यावर रविवारी दुसरं करणार काय? लेक बंगळुरूला, त्याचे बाबा जाऊन चार वर्षं झाली, शेजारी लिफ्टमध्ये हसतात तेवढेच. सिनेमा अगदीच भिकार निघाला. भूत यायच्या आधी दर वेळी मांजर ओरडणार, मग दिवे जाणार. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बिल भरला नसंल." गेल्या रविवारचा मात्र झकास होता. जुनापुराणा, परदेशी. हल्लीची पोरं त्याला कल्ट म्हणतात, म्हणजे आधी सपशेल पडलेला आणि मग डोक्यावर घेतलेला. राक्षसाच्या पाठीवरची चेन स्वच्छ दिसते, रक्त म्हणजे सरळसरळ गुलाबाचं सरबत. एकटी पोट धरधरून हसले. मग हसू थांबलं आणि घर केवढं गप्प आहे ते कळलं. फार एकटं वाटतं गं.

तुझ्याबरोबर सिनेमा कधी गप्प नसायचा. सोमवारी लोक मासळी खात नाहीत, बाजार मंदा, म्हणून पनवेलच्या टॉकीजात आपला मॅटिनी सोमवारचाच. हाताला लिंबू चोळून, अंबाड्यात अबोली माळून तू निघायचीस. पडद्यावर बाहेरून कुणी नाव घेतलं आणि हिरोईन वळली की तू खुर्चीतून अर्धी उठतेस, "नको गो ओ देऊस! भुताला तिसरी हाक मारता येत नाय, थांब जराशी!" अख्खं टॉकीज हसतं. घरीही तोच कायदा. पहिल्या हाकेला मी ओ दिली की पाठीत धपाटा, "उद्या कोन नेईल उचलून, मंग कलंल!" दोन हाका जाऊ द्यायच्या आणि तिसरीला ओ द्यायची, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले.

मग मी कॉलेजात गेले. तिथे मी तुला 'आई' म्हणायला लागले, तेही फक्त मैत्रिणींशी बोलताना. एका सोमवारी नवीन पनवेलच्या चौघींबरोबर त्याच टॉकीजच्या दारात उभी होते. समोरून तू आलीस, काखेत रिकामी पाटी. उरलेले बोंबील कुठेतरी खपवून थेट आली होतीस, लिंबू चोळायलाही थांबली नव्हतीस. मला बघून तुझा चेहरा कसा फुलला! "गो बाय!" तू हाक मारलीस. मी पोस्टर वाचत राहिले. "गो बाय, मी हाय!" एकीने विचारलं, "तुला बोलावतायत का?" मी म्हटलं, "छे, दुसऱ्या कुणाला तरी." आणि मी वाट बघत राहिले, आये. तिसरी आली असती तर वळावंच लागलं असतं. ती आली नाही. नंतर बघितलं तर तू तिकीट न काढताच बाजाराकडे परत निघाली होतीस.

संध्याकाळी चुलीपुढे तूच विषय काढलास. "बरा केलास गो. शिकवलेला ध्यानात ठेवलास." हसत होतीस, पण त्या दिवशी तुझ्या हातून भाकरी करपली. तुझ्या हातून! त्यानंतर सिनेमाला चल म्हटलं की "डोलं दुखतान" म्हणायचीस. तू जाईपर्यंत डोळे दुखतच राहिले, आणि मी फारसा आग्रह केला नाही.

कालच्या सिनेमातली पोरगी आईच्या आवाजातल्या पहिल्याच हाकेला जिना उतरून धावत गेली. बावळट, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण म्हणवलं नाही. ती गेली म्हणून तिला भूत भेटलं, हे खरं. पण ती गेली.

हे पत्र घालायला पेटी नाही. तुझ्या हिरव्या लुगड्याच्या घडीत ठेवीन. एवढं मात्र लिहून टाकते. त्या दिवशी मी शिकवण वगैरे काही पाळली नव्हती. पहिल्याच हाकेला तुझा आवाज ओळखला होता.