दोन थैल्या किन्वा

४ ऑगस्ट
नमुने उद्या शहरातील प्रयोगशाळेत जाणार. एक थैली माझ्या कडू किन्वाची, दुसरी शेजारच्या पोलिकार्पोच्या नव्या, गोड वाणाची. ज्यात प्रथिने आणि त्यांतले लायसिन हे पोषक द्रव्य अधिक, तेच बियाणे सप्टेंबरात सबंध गावाने पेरायचे, असा आमच्या शेतकरी संस्थेचा ठराव आहे. माझे बियाणे वडिलांचे, त्यांच्या वडिलांचे. पाखरेसुद्धा त्याला चोच लावीत नाहीत. ते हरले, तर पुढील वर्षी कोणाच्याही शेतात दिसणार नाही!

नमुना स्वतः सिद्ध केला. कडू साल निघावी म्हणून दाणे भाजले, पांढरी माती घालून दगडी खळग्यात पायांनी तुडविले, धुतले, पुन्हा तुडविले. मोत्यासारखे शुभ्र निघाले. पत्नी बासिलिया म्हणाली, "पुरे की आता. दाणे तुडवताय की कुणावरचा राग काढताय?" हिचे तुडविणे नेहमी अर्धेमुर्धे. फेब्रुवारीत हिमाने गावातील बरीच पिके मारली, आमचे तगले; तेव्हापासून ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना आमचे धान्य वाटते – तेही तसेच पिवळट. मला संकोच होतो.

९ ऑगस्ट
वारा. मन स्थिर नाही. उगाच रस्त्यापर्यंत जाऊन आलो.

१७ ऑगस्ट
निकाल आला. कन्या निएवेस संस्थेची चिटणीस; तिने सभेत वाचला, माझ्याकडे पाहिले नाही. प्रथिनांत पोलिकार्पो पुढे, लायसिनमध्येही पुढे. मी फार मागे. तो टोमणा मारील असे वाटले होते. नुसती टोपी चुरगाळीत बसला. मागून कोणी तरी म्हणाले, "पाखरं उगाच नाही सोडून देत, काका."

१८ ऑगस्ट
निएवेसने खळग्यातील भुकटी ओंजळीत धरून दाखविली. तीत बारीक, वळलेली शेपटे.
"बाबा, हा दाण्याचा अंकुर. प्रथिनं इथंच जास्त असतात. तुम्ही रगडून रगडून सगळे उडवलेत."
म्हणजे वाण नव्हे, माझे पाय हरले! आणि ती भुकटी आमच्या कोंबड्या खात आहेत.
सभेत हे सांगून फेरतपासणी मागा, म्हणते. अर्ध्या गावाला तुडविणे मी शिकविले – मी सांगायचे? सकाळपासून उठतो आहे, बसतो आहे.

२० ऑगस्ट
सभेत उभा राहिलो. "चूक माझ्या पायांची," एवढेच म्हणालो. तोच पोलिकार्पो उठला. "मग माझंही ऐका. माझं पीक हिमानं गेलं. इभ्रत जाईल म्हणून बोललो नाही. थैलीत बासिलियावहिनींनी दिलेलेच दाणे होते."

दोन्ही थैल्या माझ्याच शेतातील. एक मी तुडविली होती, दुसरी बासिलियाने.

यापुढे आमच्या घरी तुडविण्याचे काम ती करील.