ओलं फडकं

१२ मार्च, मंगळवार
सकाळचे पावणेसहा

बाईसाहेब,

इकडे आम्ही ठीक. आम्ही म्हणजे मी आणि तुझी चार कुंड्यांतली झाडं. तुझ्या बाबांचा खुबा आता कसा आहे? काठी घेऊन चालायला लागले, हे ऐकून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, जावयाने सांगितलंय, डॉक्टरचं ऐका, स्वतःचं डोकं चालवू नका. म्हणजे चिडतील आणि दोन पावलं जास्त टाकतील.

काल दूध उतू गेलं. परवाही गेलं होतं. शेजारच्या वहिनींनी भाजी दिली, त्यांचा डबा अजून आपल्याकडेच आहे. डेपोत नवे साहेब आलेत. त्यांना गाडीचं पुढचं-मागचं कळत नाही, पण आवाज मोठा आहे. शर्टाचं बटण मीच लावलं. तिरकं लागलं, पण लागलं.

रोज फोनवर बोलणारा माणूस आज पत्र का लिहायला बसला, असं तुझ्या मनात आलंच असेल. उभी असशील तर आधी बस.

रोज फोन ठेवताना तू विचारतेस, "अहो, फडकं ओलं केलंत ना?" आणि मी म्हणतो, "हो गं बाई, केलं."

नाही केलं.

पहिल्या दिवशी गेलो होतो. शपथेवर सांगतो. तू शिकवलंस तसं प्लॅस्टिक काढलं, फडकं काढलं, फवाऱ्याची बाटली हातात घेतली. आणि समोर मिठू. आपली मिठू, डावी भुवई वर करून, "काय बाबा, आज लवकर?" असं विचारायच्या बेतात. अगं, तुझ्या हातून ती मातीत इतकी हुबेहूब उतरली आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आपली पोर गेल्यापासून तीन वर्षांत मी तुझ्या त्या मातीकामाच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटायचं, तू मातीत मन रमवतेस, रमव बापडी. मी फडकं तसंच कोरडं वर टाकलं, दार ओढून घेतलं आणि मोरीत जाऊन ओक्साबोक्शी रडलो. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत गेलो. तिसऱ्या दिवशी तेही जमलं नाही. सतरा दिवस तुला नुसतं "हो" म्हणत राहिलो.

तुझा तो सकाळचा एक तास. साडेपाच ते साडेसहा. त्यानंतर डबे, माझी आई होती तोवर तिचं सगळं, मग दवाखान्याच्या खिडकीत बसून दिवसभर केसपेपर. एवढ्यातून तू तो तास काढलास, आणि त्यातही मी बाहेरून ओरडायचो, "चिखल झाला असेल तर चहा दे!" तू हात धुऊन यायचीस. एकदाही मला टोचून बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

मिठू असताना ती तुझ्यासमोर बसायची आणि दोन मिनिटं स्थिर राहायची नाही. एकदा पुतळ्याच्या मानेमागे, अंबाड्याखाली तिने ओल्या मातीत बोट खुपसलं आणि म्हणाली, "ही माझी सही, आई. पुसायची नाही." हे तू मला नंतर सांगितलंस. उरलेला चेहरा तू आठवणीतून केलास. आता फक्त डावा कान राहिला होता, तो झाला की साचा घेऊन पक्का पुतळा ओतायचा. एक महिना सलग मिळाला असता तर कधीच झाला असता. तो महिना मी तुला दिला नाही. आधी माझी आई, मग माझ्या डेपोतल्या पाळ्या. आता तर तुझे बाबाच पडले.

शनिवारी तू म्हणालीस, शुक्रवारी येते. म्हणून रविवारी सकाळी धीर करून दार उघडलं. फडकं पुठ्ठ्यासारखं कडक झालेलं. कपाळापासून ओठापर्यंत भेग, हनुवटीला दुसरी. एवढं सुकलंय तर भरपूर पाणी पाहिजे, इतकंच डोक्यात आलं. बादली भरून आणली आणि ओतली. मग आणखी एक. तापलेल्या इंजिनावर एकदम पाणी ओतू नका, म्हणून तीस वर्षं डेपोत सगळ्यांना शिव्या घालणारा मी.

आधी बुडबुडे आले. मग गाल सुटला. मी धरायला गेलो तर तो हातातच आला. मग नाक. जितकं सावरायला जावं तितकं जास्त सुटत गेलं. दुपारपर्यंत आतला लाकडी सांगाडा दिसायला लागला.

मानेमागची ती खूण शोधली गं. सगळी माती हातांनी उलथीपालथी केली. जिथे बघावं तिथे बोटांच्या खुणा, आणि सगळ्या माझ्या.

पुन्हा कर, असं म्हणणार नाही. पुन्हा ती सही करायला कोण येणार? माफी मागायलाही तोंड नाही. येऊन दार उघडण्याआधी तुला कळावं, म्हणून हे पत्र आजच पेटीत टाकतोय. शुक्रवारी आलीस तर मी स्टँडवर उभा असेन. नाही आलीस तरी उभा असेन.

हे तुझ्याच स्टुलावर बसून, तुझ्याच तासात लिहितोय. बाहेरून कुणी चहा मागत नाहीये. किती शांत असतं गं इथे.

मातीचा एक कणही टाकलेला नाही. सगळी गोळा करून तुझ्या टबात भरली आहे. वर फडकं घातलंय. सकाळ-संध्याकाळ ओलं करतो. आता खरंच करतो.

तुझा म्हणायला धजत नाही, म्हणून नुसता,
मिठूचा बाबा