जमा केलेली पाटी

बाई, आज रविवार आहे, दुपारची जेवणं उरकली आहेत आणि मी तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला पत्र लिहिणं म्हणजे वेडेपणाच. पण जिवंत माणसांत हे सांगावं असं कुणी सापडलं नाही. मेहकरकडच्या एका शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. उंद्रीच्या शाळेत तुमच्यापुढे तरटावर बसणारी, फ्रॉकच्या बाहीला नाक पुसणारी ती पोरगी. आता माझ्या खोलीच्या दाराला पडदा आहे, टेबलावर घंटी आहे, आणि पोरं मला घाबरतात. यातलं शेवटचं तुम्हाला आवडलं नसतं, हे मला माहीत आहे.

आपल्या शाळेतलं ते हिरवं लोखंडी कपाट आठवतं का तुम्हाला? त्यात पुस्तकं आहेत असं सगळे म्हणायचे, पाहिली कुणीच नव्हती. तपासणीला साहेब आले की फाटकी पुस्तकं दिसायला नकोत, म्हणून हेडमास्तरांनी ती कुणी फाडायच्या आधीच कुलपात घातली होती. तुम्ही आलात आणि त्यांच्याशी काय बोललात कुणास ठाऊक, शनिवारी शाळा सुटल्यावर कपाट उघडायला लागलं. पुस्तकं वाटायचं काम तुम्ही मला दिलंत, आणि मी लगेच शेफारले. वर्गातली एक मुलगी सकाळी शेळ्या सोडून मग शाळेत यायची. ती पुस्तक मागायला आली तेव्हा मी तिच्या हातांकडे पाहिलं आणि म्हटलं, "हात पाह्य तुहे. नाही भेटत पुस्तक." तुम्ही मागंच उभ्या होतात. तुमचं माहेर बुलढाण्याचं, घरात सगळे कारकून आणि मास्तर, पण आमच्याशी बोलताना तुम्ही आमचंच बोलायच्या. म्हणालात, "हात धून ये, असं म्हनता येत नव्हतं तुले? नुसतं नाही म्हनाले अक्कल लागत नाही." मग आम्हा दोघींना हापशावर पाठवलंत. तिनं हात धुतले, मी हापसत राहिले, आणि रडू येऊ नये म्हणून तिच्याकडे पाहिलं नाही. पुस्तक मात्र ती वेळेत आणून द्यायची. मीच उशीर करायचे.

आणि तुमचं स्वयंपाकघर. भाड्याची एक खोली, तिच्या कोपऱ्यात स्टोव्ह आणि चार डबे, त्यालाच आम्ही स्वयंपाकघर म्हणायचो. तुम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापताय आणि मी भिंतीला टेकून मोठ्यानं वाचतेय. गोष्टीत काही आणीबाणी आली की तुमचा हात थांबतो. परातीतली भाकरी तशीच, तव्यावरची करपतेय, आणि तुम्ही म्हणताय, "थांबू नको, वाच, वाच." त्या करपलेल्या भाकरीला मिरचीच्या ठेच्याबरोबर जी चव होती ती पुढं कुठंच भेटली नाही. तुम्ही मला कधी चांगलं वाचतेस असं म्हटलं नाहीत. भाकरी करपायची, तेवढ्यावर मी खूश होते.

आता मूळ गोष्टीवर येते. मागच्या वर्षी आमच्या शाळेत एका पोरानं मोबाईलवर वर्गातला व्हिडिओ काढला. आमचे एक शिक्षक खुर्चीत बसून छान डुलकी घेत होते. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या गावानं पाहिला. ते शिक्षक तेव्हापासून इतके जागे असतात की बघणाऱ्यालाच झोप यावी. पण त्या प्रकारानंतर मी नियम केला: शाळेत कोणतंही इलेक्ट्रॉनिक साधन आणायचं नाही, आणलं तर जमा होईल आणि वर्ष संपल्यावर पालकांना मिळेल. "कोणतंही" हा शब्द माझाच. तेव्हा मला तो फार भारदस्त वाटला होता. सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे तेव्हा सुचलं नाही.

या वर्षी नववीत एक मुलगी आहे. आजूबाजूच्या खेड्यातून एसटीनं येते. तिच्या मामानं पुण्याहून आपलं जुनं ई-रीडर तिला पाठवलं. तुमच्या वेळी हे नव्हतं, म्हणून सांगते: पाटीएवढं, पाटीसारखंच राखाडी, त्यावर एकेक पान उमटतं आणि बोट लावलं की पुढचं येतं. फोन नाही, चित्रपट नाही, खेळ नाही. नुसती पुस्तकं, आणि आपल्या त्या हिरव्या कपाटात मावणार नाहीत इतकी. आमची पोरं त्याला पाटीच म्हणतात. ती मुलगी मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या पायरीवर बसून वाचत होती. खेळाच्या सरांनी तिला पकडून माझ्यासमोर उभं केलं. मी ती पाटी हातात घेतली आणि पहिल्याच नजरेत मला कळलं, बाई. नुसती अक्षरं होती. ती म्हणाली, "मॅडम, हा मोबाईल नाही. यात नुसते पुस्तकं हायेत. पाहा ना तुमी." मी म्हटलं, मला दिसतंय, पण चालणार नाही. तर ती म्हणाली, "काऊन नाही, मॅडम?"

तिच्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. आणि मी काय उत्तर दिलं असेल? "काऊन नाही, का म्हणावं." तिनं मान खाली घातली, ओठ हलवून मनातल्या मनात तो शब्द बसवला आणि पुन्हा विचारलं, "का नाही, मॅडम?" अगदी शुद्ध. आता उत्तर द्यायला काहीच हरकत नव्हती. पण उत्तर असतं तर मी भाषा कशाला सुधारत बसले असते? मी म्हटलं, नियम आहे, आणि पाटी ड्रॉवरमध्ये टाकली. पुण्याला बी.एड.ला असताना माझ्या "काऊन"वर वर्ग हसला होता, तेव्हापासून मी तो शब्द तोंडातून काढून टाकला. माझ्या तोंडातून काढला ते एक वेळ ठीक. पण त्या पोरीच्या तोंडातून काढला, आणि तोही फक्त वेळ मारून नेण्यासाठी, याची मला लाज वाटते. तुम्हाला आम्ही दिवसातून शंभरदा "काऊन" विचारायचो. त्या शब्दाला तुम्ही एकदाही हात लावला नाहीत. उत्तर माहीत नसलं तर "पाहून सांगतो" म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं सांगायच्या.

मुलीनं मग अर्ज दिला: वर्गात नाही, निदान ग्रंथालयाच्या तासाला आणि मधल्या सुट्टीत वाचायची परवानगी द्यावी. अर्ज मी शाळेच्या समितीपुढे ठेवला. एक सदस्य म्हणाले, "आज हिची पाटी, उद्या त्याचा टॅब, परवा मोबाईल. मंग तुमी कोनाकोनाले नाही म्हनसान, मॅडम?" दुसरे, वयानं मोठे आणि शाळेत सहसा न बोलणारे, म्हणाले, "वाचते तर वाचू द्या ना पोरीले. नाही वाचत म्हनून तर आपन रोज बोंबलतो." दोघं माझ्याकडे पाहायला लागले. मग सगळ्यांनी ठरवलं की मॅडम म्हणतील तसं. म्हणजे नाही म्हणायची सक्ती कुणी केली नव्हती. मी मोठ्या तोंडानं म्हटलं की सगळ्यांकडे हे यंत्र नाही, एकीला परवानगी दिली तर बाकीच्यांवर अन्याय होईल. ऐकायला किती छान! पण तुम्ही असतात तर म्हणाल्या असतात, मग ती मोठ्यानं वाचू दे, बाकीचे ऐकतील. तुमच्या खोलीत पुस्तक एकच होतं आणि आपण दोघी होतो. मी अर्जावर "नामंजूर" लिहिलं. खरं कारण इतकंच की पुन्हा कुठल्या व्हिडिओवरून गावानं माझं नाव घेऊ नये. वर परत दर सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मी वाचनाचं महत्त्व सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तिची आई आशा सेविका आहे. कामावरून तशीच आली, गुलाबी साडीत, खांद्याला पिशवी. दारातच थांबली. मी बसायला सांगितलं तरी खुर्चीच्या टोकावर बसली. म्हणाली, "मॅडम, माह्या भावानं देल्लं थे. पोरगी बसमधी वाचत येते. कोनाच्या तोंडाकडं पाहत नाही, कोनाशी भांडत नाही. मले बरं वाटे." मी नियम सांगितला, वर्ष संपल्यावर मिळेल म्हणाले. वाटलं होतं, ती भांडेल. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठली आणि म्हणाली, "बरं मॅडम. तुमच्यापाशी हाये, मंग काही फिकीर नाही." आणि गेली. तेव्हापासून ती मुलगी मधल्या सुट्टीत पायरीवर बसतच नाही. मैत्रिणींबरोबर नळापाशी उभी असते, हसतेसुद्धा. मला पाहिलं की हसणं थांबवते.

पुढचं सांगायला जड जातंय. शाळेतल्या माझ्या खोलीत उंदीर झाले आहेत, म्हणून मी ती पाटी घरी आणली. कारण खोटं नाही, उंदीर खरंच आहेत. एका सुट्टीच्या दिवशी सहज चालू केली. समुद्रातल्या दिव्याच्या बुरुजावर राहणाऱ्या बाप-लेकीची गोष्ट होती. बाप होडी घेऊन गेलाय, अंधारून आलंय, दिवा लावायची वेळ टळतेय, आणि मुलगी तेलाचा डबा घेऊन एकटीच जिना चढतेय. जिन्याच्या मधोमध पान संपत होतं. खेळाच्या सरांनी तिथंच आमच्या त्या नववीतल्या पोरीच्या हातातून ती पाटी घेतली असणार. मी फक्त पुढचं पान पाहणार होते. मग तेवढं प्रकरण. मग डोळ्यांना त्रास होतोय म्हणून अक्षरं मोठी केली. तशी सोय असते त्यात. मग पहिल्यापासून वाचावं असं वाटलं. भाजी करपली तेव्हा उठले, आणि एकटीच हसले, आणि मग हसू गेलं. शाळेची मीटिंग, निकाल, माहितीचे तक्ते यांच्या धबडग्यात गेली कित्येक वर्षं मी एक अख्खं पुस्तक वाचलं नव्हतं, बाई. हे पुस्तक मी संपवलं. त्यातलंच दुसरं घेतलं, तेही संपवलं. तिसरं अर्ध्यावर आहे. पोरीच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः वाचत बसले. याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको.

समितीचं आता मला काही वाटत नाही. ते वयानं मोठे सदस्य माझ्या बाजूनं उभे राहतील. नियमातला "कोणतंही" खोडून नीट लिहिता येईल, सगळ्या पोरांना आळीपाळीनं वाचता येईल असंही काही करता येईल. हे मला गेले तीन आठवडे माहीत आहे आणि गेले तीन आठवडे मी पाटी परत दिलेली नाही. नियमामुळे नाही आणि गावाच्या भीतीनंही नाही. आपण थांबलो तेच पान ही पाटी दुसऱ्या वेळी उघडते. मी पुढं वाचत गेले आणि त्या पोरीची जिन्यावरची जागा गेली. मागं जाऊन जाऊन शोधली, पण अक्षरं मोठी केल्यावर पानंच वेगळी पडली, आणि आता नेमकं कुठलं वाक्य होतं ते मला आठवत नाही. तिनं चालू केल्याबरोबर तिला कळेल. म्हाताऱ्या डोळ्यांची ती मोठी अक्षरं, तिनं न उघडलेली पुस्तकं उघडलेली. ती आईसारखीच "बरं मॅडम" म्हणेल.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते आहे. "उद्या तिला बोलावून पाटी देऊन टाकते," असं याच्या आधी एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं. तुम्हाला खोटं लिहवेना.