अर्धी इस्त्री

५ जून, शुक्रवार

आजही नुसते शर्टच आले. पँट एकही नाही! साथीमुळे सगळ्यांची ऑफिसं घरात, आणि मीटिंगच्या कॅमेऱ्यात दिसतं ते कमरेच्या वरचंच. खाली काय घालून बसतात देव जाणे. इस्त्रीची दोन टेबलं. एकावर हल्ली मांजर झोपतं.

संध्याकाळी मोठ्या भाऊजींचा फोन. ह्यांचे थोरले भाऊ — त्यांचा शाळेच्या दप्तरांचा कारखाना आहे. "शाळा उघडल्या की मला माणसं कमी पडणार. महिनाअखेर दुकान बंद कर आणि दोघं इकडे या." हे म्हणाले, "बघतो." ह्यांचं बघतो म्हणजे निम्मं हो! मला नाही जायचं. लग्न झाल्यापासून याच दुकानात उभी आहे मी.

८ जून

पाठ कॅमेऱ्यात दिसत नाही — मग पाठीला इस्त्री कशाला? कॉलर, बाह्या, पुढची बाजू, बस्स. अर्धी इस्त्री, अर्धा दर! ह्यांना सांगितलं तर, "उद्या अर्धी दाढी करून बसायला सांगशील."

मी पाटी लावून मोकळी.

११ जून

गठ्ठ्यांवर गठ्ठे! पण मी जरा आत गेले की हे गुपचूप पाठीवरही इस्त्री फिरवतात. अर्ध्या दरात पूर्ण शर्ट. या माणसापुढे हात टेकले.

१७ जून

विम्याच्या ऑफिसातले साहेब तणतणत आले. ऐन मीटिंगमध्ये खिडकी लावायला उठले, पाठीमागे सगळा चोळामोळा, अख्खं ऑफिस हसलं. तो शर्ट माझ्या हातचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग साहेबच म्हणाले, "अर्ध्या दराचं ऐकून आता सगळ्यांना तुमचा पत्ता हवाय." जवळपास राहणाऱ्या चौघांचे शर्ट सोबत घेऊनच आले होते! हे गालातल्या गालात हसत होते. बायकोची फजिती झाली की ह्यांचा दिवस चांगला जातो.

२२ जून

दोन्ही टेबलं चालू. मांजर रुसलंय. भाऊजींना काय सांगायचं, याबद्दल हे अवाक्षर काढत नाहीत. मीही विचारत नाही — भीतीच वाटते.

२८ जून, रविवार

भाऊजींचाच फोन आला. शाळा काही उघडत नाहीत. कारखान्याला कुलूप लागलं. "तुमच्याकडे माझ्याजोगं काही काम निघेल का रे?" हे माझ्याकडे बघू लागले. मीच फोन घेतला. म्हटलं, "भाऊजी, उद्याच या."