प्रियूची पेशी

ती. उज्ज्वलाअक्कास, धाकट्या ज्योत्स्नाचा लातूरहून सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? दाजी उमरीला सुखरूप पोचले असतील, आणि माझ्यावर रागावलेही असतील. म्हणून माझी बाजू लेखी देते.

तुला माहीतच आहे, माझी प्रियू नीटच्या क्लासात पेशीच्या धड्यावर दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा झाले तर सगळं सोडून गावी येते, असं म्हणून तिनं कपड्यांची पिशवी भरून ठेवली. रडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती त्या पिशवीकडे बघत बसायची. शेवटी मीच जीवशास्त्राचं मराठी पुस्तक उघडलं. अक्का, धडा काही अवघड नाही. आदिकेंद्रकी पेशी म्हणजे आमची भाड्याची खोली. आत एकही आडभिंत नाही; शेगडी, अंथरूण, पुस्तकं सगळं एकाच जागी, आणि घरचा कर्ता (म्हणजे डीएनए) पडद्याविना मध्येच पसरलेला. दृश्यकेंद्रकी म्हणजे तुझं घर. स्वयंपाकघर वेगळं, कोठी वेगळी, आणि मधल्या खोलीत पडद्याआड बसून हुकूम सोडणारे दाजी. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.)

शनिवारी दाजींचा फोन आला. मी बोलून गेले, "सोमवारी प्रियूची परत पेशी आहे. दोनदा निकाल वाईट लागला. आता तसंच झालं तर पोरगी हातची जाईल." ज्या माणसानं तीस वर्षं कोर्टात कारकुनी करून लोकांना पेशीच्या तारखा दिल्या, त्याच्याशी आपण बोलतोय, याचं मला भानच राहिलं नाही.

रविवारी सकाळी दाजी दारात, मागे काळ्या कोटातले रेवणसिद्ध वकील.

"कलम कोनतं लावलंय?" दाजींनी प्रियूलाच विचारलं.

"कलम न्हाई काका, बायोलॉजी हाय."

"हा नवा कायदा का?" वकिलांनी वही काढली.

खुलासा झाल्यावर दाजी म्हणाले, "एवढ्या लांबून आलोय, केस तरी समजू दे." मग प्रियू सांगू लागली. केंद्रक म्हणजे साहेबांचं चेंबर. मूळ कागद आत, बाहेर जाते ती नक्कल, आणि त्या नकलेवरून रायबोसोम प्रथिनं बनवतात. आदिकेंद्रकीत चेंबरच नाही. मूळ कागद उघड्यावर.

"उघड्यावर? अन् गहाळ झाला तर?" दाजींना ते सहनच होईना. वकील मात्र आदिकेंद्रकीच्या बाजूनं उभे राहिले. (त्यांचं म्हणणं, रायबोसोम तिथंही हायत, काम कुठं अडलंय?) दोघे दोन तास भांडले, आणि प्रियू एकदा याची, एकदा त्याची चूक दाखवत राहिली. मध्येच खुदकन हसली. महिन्यानं ऐकलं गं मी ते हसू. भाकरी तव्यावर करपली तरी बघतच राहिले.

तुझी,
ज्योत्स्ना

ता. क. चाळीसपैकी तेवीस. पास. पिशवी रिकामी करून तिनं स्वतःच धुवून वाळत घातली.

आणखी ता. क. पत्राचं खरं काम हे, की येत्या शुक्रवारी दाजींना परत पाठव. पुढच्या धड्याचं नाव मात्र त्यांच्या कानावर घालू नकोस. पेशीविभाजन आहे. वाटणीचा दावा समजून सोबत मोजणीवाल्याला घेऊन येतील.