तुझ्या नावावर लावलेली बहीण

आई, तुला न विचारता मी तुला एक मोठी बहीण करून दिली होती. तू जाऊन सतरा वर्षं झाली, तेव्हा विचारायचं कुठे, असं म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. पाच भावांत तू एकटी, बहीण नाही म्हणून आयुष्यभर कुरकुरत राहिलीस. म्हटलं, उशिरा का होईना, मिळाली. आता ती बहीणही गेली. घरात मी यातलं काही सांगितलेलं नाही, ऑफिसात तर सांगायची सोयच नाही. उरलीस तू. तुलाच सांगते, कारण तू मध्येच बोलणार नाहीस. जिवंतपणी तू मला एक वाक्य पूर्ण करू दिलं नाहीस.

मी आता काय काम करते ते तुला ठाऊक नाही. गोंदियात बेघरांचा निवारा आहे, तिथे असते मी. स्टेशनच्या बाहेर, पुलाखाली, देवळाच्या पायरीवर झोपणाऱ्यांना तिथे आणतात. त्यांना आणणं दुसऱ्यांचं काम, माझं काम त्यांना तिथून आपल्या पायावर बाहेर पाठवणं. आधार कार्ड, रेशन, निराधारचा अर्ज, दवाखाना, मग कुठेतरी एक भाड्याची खोली, आणि खोली मिळाल्यावर तीन महिने अधूनमधून जाऊन पाहणं. फॉर्मवर याला पुनर्वसन म्हणतात. तीन महिने झाले की फाइल बंद. सहा वर्षांत मी ज्यांना खोलीत नेऊन ठेवलं, त्यातले किती तरी मला पुन्हा स्टेशनवर दिसतात. मला पाहून ते मान खाली घालतात, आणि हल्ली मीच वाट बदलते. तुझं बरं होतं. तू आश्रमशाळेत भात शिजवायचीस, पोरं जेवायची, भाताचा मोठा गंज रिकामा व्हायचा, तो घासून तू पालथा घालायचीस, की त्या दिवसाचं काम संपलं. माझ्या कामात काही संपतच नाही, आणि संपतं तेव्हा ते असं.

ती म्हातारी तिरोड्याकडची. नवरा गेला, घर पुतण्याकडे गेलं, ती लग्नाच्या सभागृहांत भांडी घासत गावोगाव फिरली आणि हात चालेनात तेव्हा प्लॅटफॉर्मवर आली. निवाऱ्यात ती नऊ महिने होती. आधारसाठी मी तिला चार वेळा नेलं. यंत्रावर बोटं उमटेनात. राखेने आणि तारेच्या घासणीने बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. तिथला माणूस तिचं बोट ओल्या फडक्याने पुसायचा, दाबायचा, पुन्हा पुसायचा, आणि ती त्याच्याकडे अशी बघायची जशी काही चूक तिचीच आहे. शेवटी डोळ्यांवरून जमलं. त्या दिवशी मी तिला चहा पाजला आणि आम्ही दोघी उगाचच हसत होतो. तो एक दिवस मला अजून चांगला आठवतो.

खोली मात्र मिळेना. जात विचारायचे, गाव विचारायचे, पण खरी अडचण वेगळीच असायची आणि ती बहुतेक जण पोटात ठेवायचे. राइस मिलच्या मागच्या गल्लीतल्या घरमालकिणीने ती तोंडावर सांगितली. विधवा बाई, मागच्या अंगणात दोन खोल्या, बोलणं सगळं हिंदीत. तिने म्हातारीला खालून वर पाहिलं, पाणी दिलं, बसायला पाट दिला, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "किराया तो आ जाएगा मैडम. कल को इनको कुछ हो गया, तो मिट्टी कौन उठाएगा?" मी निवाऱ्याचं पत्र दाखवायला हवं होतं. आमचा नियम तोच आहे. पण निवाऱ्याचं पत्र पाहून आधीच सहा दारं बंद झाली होती, ऊन रणरणत होतं, आणि म्हातारी पाटावर बसून त्या खोलीच्या दाराकडे बघत होती. मी म्हणाले, "मी उचलीन. माझ्या आईची मोठी बहीण आहे ती." घरमालकिणीने लगेच किल्ली काढली. भाची आहे म्हटल्यावर तिला दुसरं काही नको होतं.

तुला आठवत असेल, कचारगडच्या बाजूची एक लहान मुलगी शाळेत आली होती, जेवायलाच बसत नसे. मी तेव्हा पाचवीत होते. तू चुलीपुढे होतीस, तिला मांडीवर घेऊन म्हणालीस, मी तुझी मावशी लागते, खा. मग ती दर सुट्टीत आपल्या घरी येऊ लागली, माझ्या अंथरुणात झोपू लागली, माझी रिबन लावू लागली. मी एकदा भांडले, की ती कुठे आपली आहे, तू तिला उगाच सांगितलंस. तू लाखोरीची डाळ घोटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मी तिले मावशी म्हनू देलं ना? मंग आता मी तिची मावशी आहो." एवढंच. तिच्या लग्नात तू खरोखर मावशीच्या मानाचं लुगडं नेसून मिरवलीस, मी चिडवलं तर मला तिथेच चार लोकांत झापलंस. मी तुझी मुलगी असून हे शिकले नाही. मला वाटलं, मी फक्त एक खोली मिळवली.

म्हातारीने मात्र नातं धरलं. पहिल्याच आठवड्यात गेले तर ती गल्लीत सगळ्यांची मोठी आई झाली होती, आणि मोठ्या आईची भाची येणार हे सगळ्यांना माहीत होतं. शेजारणी मला चहा देऊ लागल्या. ती तुला लहानी म्हणायची. "लहानी काय खाये?" विचारायची. मी सांगितलं, आंबाडीची भाजी आवडायची, आणि विसरून गेले. पुढच्या वेळी ती घरमालकिणीला सांगत होती, की लहानी आंबाडी तोडायला बांधावर जायची आणि साप पाहून ओरडत यायची, मग मी तिला पाठुंगळी घेऊन आणायची. तू सापाला भ्यालेली मी कधी पाहिली नाही. पण मी ऐकत बसले. खरं सांगू, मला ते आवडत होतं. तुझ्या लहानपणाचं मला सांगणारं कोणी उरलेलं नाही, मामा सगळे गेले. खोटं का होईना, कुणीतरी तुला पाठीवर घेऊन बांधावरून येत होतं. तिने तुझा फोटोही मागितला. मी मोबाइलमधला छापून दिला, तो तिने देवाच्या कोनाड्यात लावला आणि पित्रांच्या पंधरवड्यात लहानीच्या नावाने वडे केले. आई, त्या वर्षी तुझं पान मी वाढलं नव्हतं. ऑफिसची तपासणी होती.

पुढच्या वर्षी ते मला जड व्हायला लागलं. ती घरमालकिणीच्या फोनवरून फोन करायची, रोज. पोट दुखतं, नळाला पाणी नाही, तू काऊन नाही आली, पोळ्याला तरी येशील का. माझ्याकडे तेव्हा चौदा माणसं होती. त्यातला एक दारू पिऊन खोलीतून हाकलला गेला होता, एकीला मुलगा येऊन मारत होता. तीन महिने कधीच संपले होते, फाइलवर मी यशस्वी असा शेरा मारून ती कपाटात ठेवली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले, उशिरा, चिडलेली. तिने माझ्यासाठी कानोले झाकून ठेवले होते आणि आल्या आल्या म्हणाली, लहानी असती तर तुला चांगली बोलली असती. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आजी, ती तुमची कोणी नव्हती. खोली मिळावी म्हणून मी सांगितलं होतं ते."

ती काही वेळ कानोल्यांवरचं ताट नीट करत राहिली. मग म्हणाली, "मले का मालूम नाही का, बाई? पन तूच पयले म्हनलं ना. मी कुठी म्हनलं होतं." आवाज चढवला नाही, रडली नाही. मला डबा भरून दिला. मी तो घेतला. दुसऱ्या दिवसापासून तिचे फोन बंद झाले, आणि मला काय वाटलं ते तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. सुटल्यासारखं वाटलं. मी त्या गल्लीत पुन्हा गेले नाही. दिवाळी गेली, मंडईची जत्रा गेली, धान घरात आलं. मी रोज राइस मिलवरून ये-जा करत होते. मागच्या गल्लीत वळायला दोन मिनिटं लागतात.

रविवारी सकाळी ती नळावर पडली. घरमालकीण आणि एक शेजारी तिला ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. दुपारी ती गेली. घरमालकीण संध्याकाळपर्यंत तिथे बसून होती, सगळ्यांना सांगत होती, की भांजी येतेच आहे. मग तीही उठून गेली. तिने तरी काय करावं? मला निवाऱ्यात कळलं ते सोमवारी, कारण तिच्या पिशवीत आमचं कार्ड सापडलं. मी गेले. शवागाराच्या बाहेर पोलीस शिपाई कागद भरत होता. भला माणूस होता, मला खुर्ची दिली. त्याने विचारलं, "मॅडम, तुमी कोन लागता?" मी म्हणाले, निवाऱ्यातून आले आहे. तो म्हणाला, ते झालं, पण नातेवाईक कोणी? मी म्हणाले, नाही, कोणी नाही. त्याने तसं लिहिलं आणि मी खाली सही केली.

मी स्वतःला कारणं सांगत असते. नातं सांगितलं असतं तर पुरावा लागला असता, ऑफिसात खोटं उघडं पडलं असतं, माझी नोकरी दरवर्षी नव्याने होते, माझ्या धाकट्या मुलाचं शिक्षण आहे. सगळं खरं आहे, आणि त्यातलं एकही कारण नाही. आणखी दोन-तीन दिवस वाट पाहून नगरपालिकेच्या माणसांनी तिला बेवारस म्हणून नेलं. कुठे, किती वाजता, ते मी विचारलं नाही. तुझ्या वेळी सगळा गाव लोटला होता, आठ ठिकाणच्या भाच्या आल्या होत्या, त्यातल्या निम्म्या आपल्या कोणी लागत नव्हत्या. कचारगडची ती तर पदर तोंडात कोंबून रडत होती, मला तिची लाज वाटत होती.

काल मी तिचं सामान आणायला गेले. घरमालकिणीने बोचकं बांधून ठेवलं होतं. चहा विचारला नाही. फक्त म्हणाली, आता मी कोणा म्हाताऱ्या माणसाला खोली देणार नाही, तुमच्या ऑफिसात सांगून ठेवा. निवाऱ्यात आत्ता तीन म्हाताऱ्या खोलीची वाट पाहतायत. त्यातली एक रोज मला विचारते, माझं कधी होईल. मी म्हणते, बघू. मला त्यांच्यासाठी दार वाजवायचा धीर राहिलेला नाही. कोणी विचारलं, हिचं काही झालं तर, तर मी काय सांगू?

हे मी जुन्या भेट-फॉर्मच्या पाठीवर लिहिते आहे. पाठवायला पत्ता नाही, आणि ठेवलं तर कुणाच्या हाती लागेल, म्हणून सकाळी बंबात घालीन. पण त्याआधी एक राहिलं. घरमालकिणीने रविवारी मला तीनदा फोन केला होता. मी तिला आणि ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, की मी सालेकशाकडे गेले होते, जंगलात रेंज नव्हती. कुणी शंका घेतली नाही, तिकडे खरोखर नसते. मी घरीच होते, आई. सुपात तांदूळ निवडत होते आणि फोन शेजारी होता. पहिल्यांदा वाजला तेव्हा वाटलं, नळाची तक्रार असेल. दुसऱ्यांदा मी तो पालथा ठेवला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला कळलं होतं.